जोंगाची शेपटी

१२ जानेवारी १९८६, रविवार

आजपासून दोन वह्या. लांबट पुठ्ठ्याची ती नोंदवही. तिच्यात आकडे आणि आकृत्या. ही दुसरी माझी. पॉलिटेक्निकात आमचे रेगे सर म्हणायचे, "नोंदवहीत 'मला वाटलं' हे शब्द दिसले की मी पान फाडणार. यंत्राला तुमच्या वाटण्याशी काही देणंघेणं नसतं." मला तर सारखं काही ना काही वाटतच असतं. ते सगळं इथे.

निमित्त असं की काल डॉ. मृणालिनी कर्णिक त्यांची जोंगा घेऊन आमच्या शेडवर आल्या. शेड म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून. तिथे बाबा गाड्यांच्या बॉडीची कामं करतात. गिरणीतही पत्र्याचंच काम करायचे; संपात ती सुटली तेव्हापासून हे. जोंगा ही लष्कराच्या लिलावातली गाडी, जीपची थोरली बहीण म्हणावी अशी. लांब, उंच, चौकोनी, हिरवी. मागे समोरासमोर दोन बाकं आणि कॅनव्हासचा पडदा. कर्णिकबाई डोळ्यांच्या डॉक्टर. महिन्यातून एकदा त्या जव्हारकडच्या पाड्यांवर जातात, मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं या गाडीतून मुलुंडला आणतात, ऑपरेशन करतात आणि पट्टी सुटली की परत नेऊन सोडतात.

गाडी पेट्रोल फार पिते. एका टाकीत जाऊन-येऊन होत नाही. वाटेत पेट्रोल मिळेलच असा भरवसा नाही, म्हणून दोन भरलेले कॅन मागे पेशंटांच्या पायाशी असतात.

"ज्यांना दिसत नाही अशी सहा माणसं आणि त्यांच्या पायाशी पेट्रोल," बाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला एका आजोबांनी बिडी काढली. मेस्त्री, मला ते कॅन गाडीत नकोत. काही करता येईल?"

बाबा बॉनेट उघडून नकारार्थी मान हलवायला लागले. आणि मी मध्येच बोलले. म्हटलं, इंजिनाचं जाऊ दे, हवेचं काहीतरी करता येईल. ही गाडी हवेतून भिंतीसारखी जाते. अंग गोलसर केलं तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये लांब जाईल.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू कोण?"

"माझा चेडू. सुलक्षणा," बाबा म्हणाले. "डिप्लोमा झालाय. मेकॅनिकल. आमच्या अख्ख्या घराण्यात शिकलेली ही पहिली." हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात.

होळीच्या आत करून द्यायचं ठरलं. मी पुस्तकात वाचलेलं बोलून गेले. करून कुठे बघितलंय?

१९ जानेवारी, रविवार

आधी गाडी आहे तशी मोजली. नाहीतर फरक पडला हे कशाच्या जोरावर सांगणार?

हायवेवर मुलुंड ते घाटकोपर, जिथे दोन्ही बाजूंना मिठागरं आहेत तो सरळ पट्टा. शिवदास गाडी साठावर नेतो, न्यूट्रल करतो आणि पाय उचलतो. गाडी आपोआप मंदावते. साठावरून तीसवर यायला किती सेकंद लागतात, ते मी त्याच्या शेजारी बसून सरांकडून मागून आणलेल्या स्टॉपवॉचवर बघते. जितके सेकंद जास्त, तितका हवेचा अडथळा कमी. खाडीकडून वारा असतो म्हणून जाताना आणि येताना, दोन्हीकडून.

शिवदास हा बाईंचा ड्रायव्हर. चाळिशीचा, पानाने ओठ लाल. "ताई, बावीस वर्षं गाडी चालवतोय. गाडी थांबते किती वेळात हे बघायला कोणी पेट्रोल जाळताना आज पहिल्यांदा बघतोय यार."

आठ फेऱ्या. सरासरी सव्वीस सेकंद. लिटरला ४.३ किलोमीटर, म्हणजे साठ लिटरच्या टाकीत २५८. बाईंच्या एका खेपेला २९० लागतात.

घरी आले तेव्हा अंगात एवढा उत्साह होता की आईला न विचारता पाणी भरून टाकलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर बाबा आणि मी धड बोलत नव्हतो. भांडण गाडीच्या नाकावरून. माझे आजोबा मालवणकडे होड्या बांधायचे, आणि बाबा वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांच्या हाताखाली होते. त्यांनी शेडच्या जमिनीवर खडूने जोंगा काढली आणि तिला होडीच्या पुढच्या टोकासारखी नाळ लावली.

"पुढून फोडूक होया," ते म्हणाले. "मागचा काय? जा फुटला ता मागे मिटता."

मी म्हटलं, पुस्तकात उलट आहे. पुढून नुसतं गोल चालतं. खरं काम मागे करायचं असतं, निमुळतं.

"पुस्तक लिवणाऱ्यान होडी बांधल्यान हा काय?"

पुस्तकात आहे एवढंच मला माहीत होतं. तसं का, ते नाही.

आज सकाळी आई मोरीत बांगडे साफ करत होती. बाबा दाढी करता करता थांबले. तोंडाला फेस तसाच. त्यांनी एक बांगडा उचलला, उजेडात धरला, बोटाने डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपला.

"सुलू. हयसर ये गो. ह्याका नाळ खंय असा?"

खरंच नव्हती. पुढे जाड, मागे निमुळता होत गेलेला.

"आणि ह्यो आमच्या होडयेपेक्षा जोरात धावता," बाबा म्हणाले. "असा कित्याक?"

आणि बोलता बोलता मला ते कळलं, जे पुस्तक वाचून कळलं नव्हतं. होडी पाण्याच्या वर असते, अर्धी बाहेर. तिला लाट फोडायची असते. मासा पाण्याच्या आत असतो, सगळा. गाडी हवेच्या आत असते. म्हणजे गाडी होडी नाही, मासा आहे.

बाबांनी बांगडा आईला परत दिला. "शेपटी लावूया," म्हणाले.

आई म्हणाली, "आधी तोंड धुवा."

१६ फेब्रुवारी, रविवार

काम जोरात. काचेच्या वरची चौकोनी धार बाबांनी गोल केली. मागे दीड फुटाची शेपटी: छप्पर हळूच उतरतं, दोन्ही बाजू आत येतात. आकृती माझी, मापं माझी. पत्र्यावरून वाद झाला. मी ॲल्युमिनियम म्हटलं, कारण घाटात हवेचा काही प्रश्न नसतो, तिथे वजनच मारतं. बाबा म्हणाले, तो डब्याचा पत्रा. पण आणला. लाकडी हातोड्याने ते पत्र्याला असं वळवतात की ठोका कुठे पडला ते दिसत नाही. मी तासभर बघत बसले होते. एवढं मला कधी येणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मागचा कॅनव्हासचा पडदा गेला. त्याच्या जागी शेपटीत बसवलेला दरवाजा, वर काच. सकाळी शेडवर गेले तर काचेच्या खाली बाबांनी चार ओळींत फटी कापून जाळी केलेली. इतकी सुबक की दागिन्यासारखी दिसते.

"हे आकृतीत नाही, बाबा."

"म्हाताऱ्यांका वारो नको? पडदो होतो तेव्हा वारो येय. आता कोंडान मरतीत."

बरोबर आहे. मला सुचायला हवं होतं. मी जाळी नंतर आकृतीत तुटक रेघेने काढली. खरं तर आधी आकृती, मग काम. पण माणसांचा विचार त्यांनी केला, मी फक्त हवेचा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजच्यासारखा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता.

हवा दिसत नाही. ती दिसावी म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा बोटभर लांबीचा कापून, गाडीच्या छपरावर, बाजूंना, शेपटीवर, दरवाजावर साठ ठिकाणी चिकटपट्टीने लावला. काही दरवाजाच्या आतूनही, जाळीपाशी. मग गाडी हायवेवर काढली आणि मी मागच्या बाकावर बसून काचेतून बघत राहिले.

छपरावर मी बघू शकत नव्हते. ते स्कूटरवरून शेजारी येऊन बाबांनी बघितलं. सगळे दोरे विंचरल्यासारखे मागे. शेपटीच्या बाजूंचे तसेच, अगदी शेवटच्या विताएवढ्या पट्ट्यापर्यंत. पण दरवाजावरचे! ते उठून उभे राहिले, गरगर फिरले, आणि खालच्या ओळीतले चक्क उलटे झाले. टोकं गाडीकडे. म्हणजे तिथे हवा गाडीच्या मागून गाडीकडे धावत येते. आपण साठाच्या वेगाने पुढे जातोय आणि हवा आपला पाठलाग करतेय! मी ओरडलेच. शिवदासने ब्रेक मारला.

"काय झालं? कोण आलं मध्ये?"

"कोणी नाही. हवा उलटी फिरतेय."

"हवा," तो म्हणाला. "मला वाटलं म्हैस."

सहा फेऱ्या केल्या. शेवटी डोकं भयंकर ठणकत होतं. गुरुवारचा उपवास आणि त्यात तीन तास डोळे ताणून बघणं. घरी येऊन साबुदाणा खाल्ला, तासाभराने उतरलं.

१ मार्च, शनिवार

सेकंदांची चाचणी. आता घड्याळ शिवदासशेजारी बसून बाबा बघतात, कारण मला मागे बसून दोरे बघायचेत. सरासरी तीस सेकंद. सव्वीसचे तीस! बाबांनी घड्याळ शर्टाला पुसून मला परत दिलं, जणू पदकच.

मी मात्र उतरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. डोक्यात घण. शिवदासला केवढा आनंद.

"मेस्त्री! तुमच्या मेकॅनिकलला गाडी लागते! लिहून ठेवा, डिप्लोमा झाला, पण गाडी लागते!"

बाबाही हसले. लाजेने मरायची वेळ. लहानपणी एसटीत कधी मला असं झालं नाही. नव्या रंगाचा वास असेल, आणि जुन्या गाडीला पेट्रोलचा वास तर असतोच. नोंदवहीत हे अर्थातच लिहिलं नाही.

४ मार्च, मंगळवार

पेट्रोलची चाचणी. सहा पेशंटांच्या वजनाएवढी वाळूची पोती बाकांवर ठेवली आणि कोपऱ्यात मी. टाकी तोंडापर्यंत भरून निघालो, आलो, मापाने परत भरली.

लिटरला बरोबर पाच. टाकीत ३००. बाईंना २९० हवेत. कॅन नको! एकसुद्धा नको!

एक गंमतही दिसली. जाळीजवळ आतून लावलेले दोन दोरे गाडीच्या आत, माझ्याकडे टोकं करून ताठ उभे होते. म्हणजे बाबांची जाळी काम करते. वारा खरंच आत येतो. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? शोभेक मारलंय की काय?"

आजही डोकं. आई म्हणते मी चिंता करून करून दुखणं ओढवून घेते. तिचं खरं असणार. आनंदाच्या दिवशीही मला चिंता सुटत नाही.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरबाई आल्या. गाडीभोवती दोनदा फिरल्या, शेपटीवर हात ठेवून हसल्या. "वेगळीच दिसते. आवडली मला." मग मागे वाकून पायांजवळची रिकामी जागा बघितली. कॅन असायचे तिथे हात फिरवला.

त्यांच्या ट्रस्टच्या फायलीसाठी लेखी अहवाल हवाय. माझ्या सहीने. बाबा सही हा शब्द ऐकून दोनदा बाहेर जाऊन आले.

१० मार्च, सोमवार

पहाटे गाडी गेली. पुढे शिवदास आणि बाई, मागे औषधांच्या पेट्या. उद्या अकराला जव्हारच्या सरकारी दवाखान्यातून सहा पेशंट घेऊन निघतील. मी अहवाल लिहायला घेतला.

१२ मार्च, बुधवार

कालचं आज लिहितेय.

काल सकाळी साडेआठला अहवाल लिहिताना मला एक शंका आली. १ मार्चला वारा खाडीकडून होता की उलटा? नोंदवहीत राहिलं होतं. अंदाजाने लिहायला मन होईना. म्हणून ही वही काढली. इथे काही लिहिलं असेल तर. वाऱ्याचं काही नव्हतं. होतं ते हे: "डोकं भयंकर ठणकत होतं." "डोक्यात घण." "आजही डोकं." तीन चाचण्या, तीन डोकेदुख्या. मागे गेले. १९ जानेवारी, आठ फेऱ्या: अंगात उत्साह, पाणी भरलं. त्या दिवशी मी पुढे बसले होते.

आणि शेवटी ते वाक्य, माझ्याच हातचं, आनंदाने लिहिलेलं: जाळीजवळचे दोरे आत ओढले गेले.

धुराचा पाइप. मी शेपटी दीड फूट वाढवली आणि पाइप होता तिथेच ठेवला. तो आता शेपटीच्या खाली, पोटात संपतो. मागून उलटी फिरणारी हवा तो धूर उचलते आणि जाळीतून आत आणते. मी तीन दिवस तो पीत होते. पंचविशीच्या मला ओकारी झाली. सत्तरीच्या माणसांना चार तासांत काय होईल? त्यांना आधी झोप लागेल, मग जाग येणार नाही. गाडीत म्हातारी माणसं झोपली तर कोण बघतं?

मला स्वयंपाकघरात जाऊन बाबांना हे सांगायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी नुसती दारात उभी होते. हे इथे लिहून ठेवते. मला वाटत होतं की माझं चुकत असेल. मला वाटत होतं, बाबा काय म्हणतील.

बाबांनी ऐकलं आणि चपला घातल्या. एवढंच.

पोस्टात साडेनऊला पोचलो. सगळ्यात तातडीचा तो लायटनिंग कॉल, जव्हार, सरकारी दवाखाना. बाकावर बसलो. दहा. सव्वादहा. खिडकीवरच्या बाईंना मी चारदा विचारलं. साडेदहाला त्यांनी हाक मारली, "जव्हार लागलं, बोला, मोठ्याने बोला!"

मी ओरडले, "बाई, मागे कुणाला बसवू नका!"

"कोण? कोण बोलतंय?"

"सुलक्षणा! मेस्त्रींची! गाडीत मागे पेशंट बसवू नका! धूर आत येतो!"

"अगं, चार जण बसलेत. निघतोच आहोत. काल काही धूर दिसला नाही मला."

"तुम्ही पुढे होतात! मागे येतो!"

"कशावरून?"

पोस्टातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

"माझं डोकं दुखतं म्हणून!"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. तारेवर खरखर. मग बाईंचा आवाज आला, एकदम वेगळा. दवाखान्यातला.

"कधी दुखतं?"

"चाचणीच्या दिवशीच. तिन्ही वेळा. मागे बसल्यावर."

"उतरल्यावर किती वेळात थांबतं?"

"तासाभरात."

"मळमळ?"

"एकदा ओकले."

"पुढे बसलीस तेव्हा?"

"काही नाही."

"थांब." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग लांबून, "शिवदास! इंजिन बंद कर. सगळ्यांना उतरव. सगळ्यांना, आत्ता!"

बाबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. त्या परत आल्यावर ते म्हणाले, "बाई, मी लवू मेस्त्री. मागचो दरवाजो काढून टाका, चार बोल्ट असत. उघड्यार धूर र्‍हवाचो नाय."

"नाही!" मी त्यांच्या हातावर झडप घातली. "बाबा, नाही. उघडं ठेवलं तर जास्त आत येईल. दोऱ्यांनी दाखवलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं पत्रा वळवणारा माणूस भर पोस्टात मुलीकडून 'नाही' ऐकतोय. मग ते रिसीव्हरमध्ये म्हणाले, "चेडू सांगता ता करा, बाई. माझा ऐकू नकात."

एक आजी पुढे बाईंजवळ बसून आल्या. बाकीचे पाच जण एसटीने, सोबत तिथला कंपाउंडर. संध्याकाळी सहाला सगळे मुलुंडला पोचले. मी दवाखान्याच्या दारात उभी राहून मोजले.

शिवदास गाडी शेडवर सोडून गेला. जाताना म्हणाला, "ताई, तुला गाडी लागत नाही. मी उगाच बोललो."

१६ मार्च, रविवार

बाबा चार दिवस गाडीला हात लावत नव्हते. आज सकाळी शिवदासला बोलावलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. "घाटकोपर. जाऊन येऊन. चार वेळा."

मी म्हटलं, कशाला, आता कळलंय ना.

"तुका कळला. माका खंय कळला?"

दोन फेऱ्यांनंतर मी शिवदासला थांबवायला लावलं. बाबा उतरले, शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. डोळे लाल.

"टकला दुखता खरा," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "म्हातारी माणसा असती..."

१७ मार्च, सोमवार

अहवालावरून आज पुन्हा वाद. मी लिहिलं होतं: शेपटी वाढवताना धुराचा पाइप वाढवण्याचं राहून गेलं, ही चूक आकृती काढणाऱ्याची.

बाबांना अक्षर लावून लावून वाचता येतं. त्यांनी सगळं वाचलं. "जाळी खंय?"

"जाळी नसती तरी फटीतून थोडा धूर आलाच असता."

"थोडो. जाळी मिया मारलंय. तुझ्या चित्रात नव्हती. घाल माझा नाव."

"बाबा, तुम्ही त्यांच्यासाठीच केली होती."

"म्हणान काय धूर कमी येता?"

मी लिहिलं. जाळी: लवू मेस्त्री. पाइप: सुलक्षणा मेस्त्री. त्यांनी मला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग मी तिसरी ओळ घातली: डोकेदुखी तीन वेळा होऊनही नोंद केली नाही, सुलक्षणा मेस्त्री. तीनही तारखा नोंदवहीत उतरवल्या. रेगे सरांनी पान फाडलं तर फाडू देत.

बाबा म्हणाले, "डोक्याचा पण लिवतत?"

"आजपासून."

२२ मार्च, शनिवार

जाळी बंद, वरून पत्रा. पाइप लांब करून उजव्या बाजूला, शेपटीच्या टोकाबाहेर काढला. तो बाहेरच राहावा म्हणून शेपटी पाच इंच कापली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, छपरावर पुढच्या बाजूला एक तोंड उघडलं. हवा समोरून आत शिरते, मागच्या फटींतून बाहेर ढकलली जाते. आत हवा भरलेली असली की बाहेरची शिरत नाही. हे बाबांना पटकन कळलं. त्या तोंडाला त्यांनी झाकण केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "झाकाण असला की कोणतरी झाकता."

दोरे पुन्हा लावले. दरवाजाच्या फटीतले सगळे बाहेर. एकूण एक. मी आणि बाबा दोघेही मागे बसून बघत होतो. फटीतून बाहेर पळणारा दोरा मला इतका सुंदर कधी वाटला नव्हता.

अठ्ठावीस सेकंद. लिटरला ४.७. टाकीत २८२. आठ किलोमीटर कमी पडतात.

बाईंना सांगायला गेले. त्यांनी अहवाल वाचला, तिसऱ्या ओळीपाशी थांबल्या, माझ्याकडे बघितलं, पुढे वाचलं.

"म्हणजे एक कॅन लागणार."

"हो. बाहेर बसवलाय, पुढच्या बंपरजवळ, कडीकुलपात. आत नाही."

"दोनाचा एक, आणि तोही बाहेर," बाई म्हणाल्या. "सोमवारी पट्टी सुटलेल्यांना परत सोडायचंय. तू येणार आहेस ना?"

"हो. मागे बसून."

"ते विचारायची गरजच नव्हती," त्या म्हणाल्या.

२४ मार्च, सोमवार

सहा पेशंट आणि सातवी मी. ठाणं, घोडबंदर, मग मनोरच्या दिशेने. सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरवे चष्मे. दर थोड्या वेळाने मी एकेकाला विचारत होते, डोकं दुखतंय का, मळमळतंय का, झोप येतेय का.

धोंडिराम म्हणून एक आजोबा होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "बाय, डोकं दुखत नव्हतं. आता तू विचारून विचारून दुखायला लागंल."

माझ्या शेजारी त्याच, येताना पुढे बसून आलेल्या आजी. छपरातून येणारा वारा थेट त्यांच्या कानात. "हे बंद कर ना," त्या म्हणाल्या.

"बंद होत नाही आजी. झाकण नाही त्याला."

"झाकणच नाही?" त्यांनी हिरव्या चष्म्यातून वर बघितलं, मग माझ्याकडे. "कोणी केली ही अशी गाडी?"

"मी. आणि माझ्या बाबांनी."

"काम अर्धंच केलं मग," आजी म्हणाल्या. पदर कानांवरून घट्ट ओढला, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपून गेल्या.

मी घड्याळ बघून दर दहा मिनिटांनी त्यांना हलवून उठवत होते. विक्रमगडपर्यंत त्यांनी मला चार शिव्या दिल्या. चारही अगदी स्पष्ट, खणखणीत.